तालाबेली

दिवस पहिला आणि दुसरा : नांदेड ते अमृतसर

सचखंड एक्सप्रेसमध्ये चढल्या चढल्या आत्याने पिशवीतून दोन स्टीलची ताटं आणि एक पातेलं काढून हाताशी ठेवलं. गल्लीतल्या सरदारणीने तिला बजावून सांगितलं होतं की या गाडीला वाटेत लंगर मिळतो, पण भांडं आपलं लागतं. वाटेत एका स्टेशनावर खरंच बादल्या घेऊन सेवादार आले. कढी-भात घेऊन आत्याने हात जोडले आणि मला म्हणाली, "पंढरीच्या वाटेवर पण असंच वाढतात बघ."

आम्ही दोघी दोन वेगळ्या ओढींनी निघालो होतो. आत्या बहात्तर वर्षांची, माळकरी. तिचं बालपण हिंगोली जिल्ह्यात नर्सीच्या आसपास गेलं. नर्सी म्हणजे नामदेव महाराजांचं गाव. "आमचा नामदेव एवढ्या लांब जाऊन राहिला कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय मला," असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. मला जायचं होतं बटाल्याला, पंजाबी कवी शिवकुमार बटालवीच्या गावी. नकाशा उघडला तर घुमान आणि बटाला एकाच जिल्ह्यात, गुरदासपूरमध्ये. मग दोघींनी मिळून फेब्रुवारी २०२३ची तिकिटं काढली.

माझं पंजाबीशी नातं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळे जडलं. आमचं घर तिथून चार गल्ल्या सोडून. शाळेतल्या मैत्रिणीच्या आईने मला गुरुमुखी अक्षरं शिकवली आणि तिच्याच घरी मी 'बिरहा दा सुलतान' ही कॅसेट पहिल्यांदा ऐकली. जगजीत सिंह आणि चित्रा सिंह यांनी १९७८ साली शिवकुमारच्या कविता गायल्या होत्या. शब्द निम्मेही कळत नव्हते. पण ती कॅसेट लागली की मैत्रिणीची आई कणीक मळता मळता थांबायची, एवढं मला आठवतं. पीठ लागलेले हात तसेच परातीत ठेवून ती गाणं संपेपर्यंत बसून राहायची.

दिवस तिसरा : अमृतसर

पहाटे चारला उठून दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, गेलो. थंडी हाडांत शिरत होती. परिक्रमेतला संगमरवर इतका गार की आत्याला दोन मोज्यांची फार आठवण झाली, पण मोजे तर जोडाघरातच काढून ठेवले होते. अकाल तख्ताहून पालखी निघाली, पाकळ्यांचा सडा पडला, आणि मग तळ्यावरून 'आसा दी वार' या पहाटेच्या कीर्तनाचे सूर पसरत गेले. आम्ही खांबाला टेकून तासभर बसलो. पाणी काळं होतं, त्यात सोनं हलत होतं.

तिथे बसूनच मी आत्याला गुरू अर्जनदेवांच्या पत्रांची गोष्ट सांगितली. शीख परंपरा सांगते ती अशी: वडिलांनी, म्हणजे गुरू रामदासांनी, अर्जनांना एका लग्नासाठी लाहोरला पाठवलं आणि बोलावणं येईपर्यंत तिथेच राहायला सांगितलं. बोलावणं काही येईना. मुलाने पत्रं लिहिली, ती थोरल्या भावाने मधेच दडवली. ती पत्रं आज माझ राग या रागात गायली जातात. पहिली ओळ आहे, 'मेरा मनु लोचै गुर दरसन ताई, बिलप करे चात्रिक की निआई.'

"चात्रिक म्हणजे?" आत्याने विचारलं.

"चातक."

"मग सरळ चातक म्हण की!" आणि तिने ती ओळ दोनदा स्वतःशी पुटपुटून घेतली. पुढच्या पत्रात ते म्हणतात, 'इक घड़ी न मिलते ता कलिजुगु होता', एक घटका भेट नाही झाली तर कलियुग उलटल्यासारखं होतं. मुलाने बापाला लिहिलेलं पत्र आहे हे. प्रियकर-प्रेयसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पंजाबी विरहगीताचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या पत्रांपाशी येते, कारण इथे ओढ आहे आणि ती कुणाविषयी आहे हा प्रश्न दुय्यम आहे.

आणि बाबा फरीद. तेराव्या शतकातला हा सूफी, त्याचे श्लोक गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शिवकुमारला लोक 'बिरहा दा सुलतान' म्हणतात, ते फरीदाच्याच श्लोकावरून आलेलं आहे: 'बिरहा बिरहा आखीऐ, बिरहा तू सुलतानु; फरीदा जितु तनि बिरहु न ऊपजै, सो तनु जाणु मसानु.' विरह विरह म्हणतात, पण विरहा, तू तर सुलतान आहेस. ज्या देहात विरह उपजत नाही तो देह मसणवटा समजावा. मी कितीही वेळा वाचलं तरी या श्लोकाने चरकते. आपण विरहाला दुखणं मानतो, ते बरं व्हावं म्हणून धडपडतो. फरीद म्हणतो, ते नसेल तर तू मेलेला आहेस.

दुपारी टाउन हॉलमधलं फाळणीचं संग्रहालय पाहिलं. तिथे एक फुलकारीचा कोट आणि एक चामड्याची बॅग शेजारी शेजारी ठेवली आहे. लग्न ठरलेल्या दोघांची. फाळणीत ताटातूट झाली आणि निर्वासितांच्या छावणीत, अन्नाच्या रांगेत दोघं एकमेकांना पुन्हा भेटले. आत्या त्या काचेपुढून हलेना. भेटलेल्यांची गोष्ट किती छोटी असते, एका कपाटात मावते. न भेटलेल्यांसाठी पंजाबला गाणी करावी लागली.

दिवस चौथा : बटाला

पठाणकोट लाइनवरच्या गाडीने तासाभरात बटाला. गावात शिरताना फाउंड्रीचा वास येतो, तापलेल्या वाळूचा आणि लोखंडाचा. ओतकाम आणि लेथ मशीन यांसाठी हे गाव ओळखलं जातं. गुरू नानकांचं लग्न इथेच १४८७ साली झालं; वरात जिच्या आडोशाला टेकली ती कच्ची मातीची भिंत कंध साहिब गुरुद्वाऱ्यात काचेआड जपून ठेवली आहे. आत्याने तिथे माथा टेकवला. मग माझ्यामागे आली, शिवकुमारला शोधायला.

शिवकुमारच्या नावाचं सभागृह आहे, जालंधर रोडवर. कार्यक्रम नव्हता, दार बंद होतं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. खरा शिव भेटला तो आमच्या लॉजखालच्या चहाच्या दुकानात. तिथे रोज येणारे एक निवृत्त मास्तर होते, अंगात हाताने विणलेला मरून स्वेटर. मी महाराष्ट्रातून शिवसाठी आले आहे म्हटल्यावर त्यांनी बाकावरची वर्तमानपत्रं बाजूला केली आणि आत्याला म्हणाले, "बैठो बहनजी."

बटाल्यात कुणी 'शिवकुमार' म्हणत नाही, 'बटालवी' तर नाहीच. नुसतं 'शिव'. घरातल्या धाकट्या, हूड, लवकर गेलेल्या भावाबद्दल बोलावं तसं. जन्म २३ जुलै १९३६, रावीपलीकडे शकरगढ तहसिलीतल्या बडा पिंड लोहटियां या गावात. अकराव्या वर्षी फाळणी झाली आणि घर बटाल्याला आलं. वडील महसूल खात्यात. मुलगा या कॉलेजातून त्या कॉलेजात, कुठेच टिकला नाही. काही दिवस पटवारी होता, पुढे स्टेट बँकेत. १९६०मध्ये पहिला संग्रह, १९६५मध्ये 'लूणा' हे काव्यनाट्य, १९६७मध्ये त्यावर साहित्य अकादमी पुरस्कार. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. इतक्या लहान वयात तोवर तो कुणालाच मिळालेला नव्हता. आणि मे १९७३मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, सासुरवाडीच्या गावी मृत्यू. भर तारुण्याच्या ऋतूतच मरायचं आहे असं त्याने आधीच गाऊन ठेवलं होतं.

मास्तरांनी शाळकरी वयात त्याला कवी दरबारात ऐकलं होतं. "ओह पढ़दा नहीं सी," ते म्हणाले, "गांदा सी." वाचायचा नाही, गायचा. मग त्यांनी डोळे मिटून शिक्र्याचं गाणं म्हटलं. पेट्या नाहीत, ताल नाही. अंगठा तेवढा ग्लासच्या कडेवरून सावकाश फिरत होता. चहावर साय धरली, ती सुरकुतली, तरी ग्लास तोंडाला गेला नाही.

शिक्रा हा शब्द मराठीतही तोच आहे, ससाण्याच्या जातीचा छोटा शिकारी पक्षी. गाण्यात एक बाई आपल्या आईला सांगते: आई गं, मी एका शिक्र्याला यार केलं. डोक्यावर तुरा, पायांत घुंगरू, दाणे टिपत आला. चुरी कुस्करून दिली, ती खाईना. तेव्हा मी त्याला माझ्या काळजाचं मांस भरवलं. आणि त्याने अशी एक भरारी घेतली की पुन्हा या मुलखात आला नाही.

एवढंच. ती त्याला शिव्या देत नाही. मी इतकं दिलं, तू काय दिलंस, असं विचारत नाही. शिक्र्याचा स्वभाव मांस खाऊन उडून जाण्याचा, तो तिला माहीत होता. आईला सांगते तेही तक्रार म्हणून नाही. आपल्या बाबतीत काय घडलं ते आईच्या कानावर असावं म्हणून.

आपल्याकडे 'एकतर्फी प्रेम' हे शब्द आता वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतात. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.' वाचून वाचून तो शब्दच रक्ताळला आहे. मी नांदेडमध्ये तीस वर्षं शिकवते. वर्गातल्या मुली हा शब्द ऐकला की अंग चोरतात, हे मी पाहिलं आहे. प्रेम परत मिळालं नाही म्हणजे काहीतरी येणं बाकी राहिलं, ते वसूल केलं पाहिजे, अशी ही समज. शिक्र्याच्या गाण्यात येणंच नाही. दिलं ते दिलं. माझ्याही आयुष्यात असं एक नाव आहे, ज्याला ते कधी कळलं नाही. मला ते गाणं ऐकून वाईट वाटत नाही, सोबत वाटते.

मात्र 'लूणा'पाशी मामला इतका सोपा राहत नाही. रात्री लॉजवर आत्याला ती कथा सांगायला घेतली. सियालकोटचा राजा सलवान, म्हातारा. त्याला खालच्या मानलेल्या जातीची एक कोवळी मुलगी दिली, लूणा. राजाचा मुलगा पूरण तिच्याच वयाचा. तिचं मन त्याच्यावर बसलं. त्याने तिला आई म्हटलं आणि नाकारलं. तिने राजाकडे आळ घेतला. राजाने मुलाचे हातपाय तोडून त्याला विहिरीत टाकलं. पुढे गोरखनाथ आले...

"थांब, थांब," आत्या उठून बसली. "हे तर चौरंगीनाथाचं!"

खरंच होतं. नवनाथांच्या पोथीतला हातपाय तोडलेला चौरंगीनाथ आणि पंजाबचा पूरण भगत एकच मानले जातात. आत्या ती पोथी श्रावणात वाचते. सावत्र आई म्हणजे पापीण, ही तिची पन्नास वर्षांची खात्री. मी तिला सांगितलं की पंजाबी किस्सेही शेकडो वर्षं हेच सांगत आले. शिवने मात्र लूणाच्या बाजूला उभं राहून विचारलं की आधी अन्याय कुणावर झाला. ज्या मुलीला तिचं मन न विचारता म्हाताऱ्याच्या पलंगावर बसवलं, तिच्या प्रेमालाच तेवढं पाप का म्हणायचं?

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हाताऱ्याला दिलं तिला, हे पोथीत आहे. वाचताना मी तिथं कधी थांबलेच नाही."

मला स्वतःला पूरणचे तोडलेले हात विसरता येत नाहीत. लूणाने घेतलेला आळ हा गुन्हाच आहे, आणि शिवची कविता कितीही आवडली तरी तो मी पुसणार नाही. पण न मिळालेल्या प्रेमाची गाणी एवढ्या थोर कवींनी रचली, त्यांत बाईचं ऐकून घेणारे, तेही बदनाम बाईचं, फार थोडे. म्हणून मला शिव त्याच्या दुःखापेक्षा 'लूणा'साठी जवळचा वाटतो.

दिवस पाचवा : घुमान

बसने तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे गव्हाची हिरवी शेतं, मधे मोहरीचे पिवळे पट्टे. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं, बुक्का लावला होता. २०१५ साली इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हापासून घुमानच्या लोकांना मराठी माणसाचं अप्रूप राहिलेलं नाही, पण बुक्का लावलेली म्हातारी पाहून दरबारातल्या सेवादाराने विचारलं, "नरसी तों?" नर्सीहून का? आत्याने मान डोलावली आणि तिथेच तिच्या डोळ्यांना धार लागली.

नामदेव आयुष्याच्या उत्तरार्धात इथे राहिले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. इथे ते 'भगत नामदेव', 'बाबा नामदेव'. आत्या मूर्ती शोधत होती, विठ्ठल शोधत होती. समोर ग्रंथ, रुमाला, चवरी. थोडी बावरली. मग रागींच्या, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांच्या, जथ्याने पेटी ओढली आणि माझं नशीब असं की राग गोंडातलं ते पद आलं:

'मोहि लागती तालाबेली, बछरे बिनु गाइ अकेली. पानीआ बिनु मीनु तलफै, ऐसे राम नामा बिनु बापुरो नामा.'

तालाबेली. तळमळ, काहिली, जीव थाऱ्यावर नसणं, सगळं त्या एका शब्दात. मी आत्याच्या कानात अर्थ सांगत गेले: मला तालाबेली लागली आहे, वासराविना गाय एकटी, पाण्याविना मासा तडफडतो, तसा रामनामाविना बिचारा नामा.

आत्याने माझा हात दाबला. "गाय एकटी म्हणाले का वासरू?"

"गाय."

"आपल्याकडे वासरू आहे." आणि ती हलक्या आवाजात म्हणू लागली, "पक्षिणी प्रभाते चारियासी जाये, पिलू वाट पाहे उपवासी... तान्हे वत्स घरी बांधलेसे देवा, तया हृदयी धावा माउलीचा..."

तोच नामदेव. मराठीत वासरू दावणीला बांधलेलं आहे आणि आईसाठी हंबरतं आहे. इथे, पंजाबात, गाय एकटी आहे आणि वासरू नाही. मी तीस वर्षं मराठी शिकवते, दोन्ही पदं माझ्या वाचनातली, तरी शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. यातून चरित्राचा निष्कर्ष काढायचा मोह मला होतो आणि तो मी आवरते. पदं कोणत्या क्रमाने झाली हे त्यांत लिहिलेलं नाही. पण लेकराची ओढ आणि आईची ओढ, दोन्ही टोकांनी एकाच माणसाने ती सोसली एवढं तर समोर आहे. वाट पाहणाराच फक्त विरही असतो असं नाही. निघून गेलेल्यालाही तालाबेली लागते.

कीर्तनानंतर सेवादाराने आत्याला पुन्हा म्हणायला लावलं. ग्रंथी, दोन रागी, लंगरच्या भाकऱ्या लाटणाऱ्या चार बायका आणि मी. आत्याचा गळा आता फाटतो, वरच्या सुरात जात नाही. टाळ नव्हते म्हणून एका बाईने दोन चमचे घेऊन ठेका धरला. 'धावा माउलीचा'पाशी आत्या थांबली तेव्हा त्या बायांना अर्थ विचारावासा वाटला नाही. एकीने नुसतं "हाय ओ रब्बा" म्हटलं.

जवळच तपियाणा साहिब आहे, नामदेवांच्या तपाची जागा. तिथेही गेलो. आत्या तिथून चिमूटभर माती रुमालात बांधून घेऊन आली.

दिवस सहावा : डेरा बाबा नानक

आज माझी ओढ. रावीच्या अलीकडे डेरा बाबा नानक, पलीकडे पाकिस्तानात कर्तारपूर साहिब गुरुद्वारा. दोन्हींना जोडणारा कॉरिडॉर ९ नोव्हेंबर २०१९ला सुरू झाला. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्ट आणि आधी केलेली नोंदणी असेल तर त्या दिवसापुरतं जाऊन येता येत होतं. आत्याकडे पासपोर्ट नाही, तिला सोडून मला जायचं नव्हतं. बांधाच्या बाजूने जिथवर जाऊ देतात तिथवर गेलो. धुकं विरळ झालं तसा साडेचार किलोमीटरवरचा पांढरा घुमट दिसला, पाण्यातून वर यावा तसा.

लोक नानकांसाठी हात जोडत होते. मीही जोडले. पण मी पाहत होते तो मुलूख शकरगढचा. १९४७मध्ये गुरदासपूर जिल्ह्याच्या चारपैकी तीन तहसिली इकडे राहिल्या, एक शकरगढ तेवढी तिकडे गेली. शिवचं लहानपण त्या एका तहसिलीत. विहीर, जत्रा, गारुडी, जोगी, रामलीला, ज्या सगळ्यांतून त्याच्या कवितेतले शब्द आले ते त्या धुक्यापलीकडे.

शिवच्या विरहामागे कोणती मुलगी होती यावर बटाल्यात चहाच्या प्रत्येक टेबलावर वेगळी गोष्ट मिळते. एकीचं लग्न परदेशात झालं, एक तापाने गेली. मला त्या गोष्टींत फार रस नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा अख्खा गाव एका उन्हाळ्यात नदीपलीकडे राहून जातो, आणि नदी तर तीच, पाणी इकडे येऊन भिडतं. पुढे आयुष्यभर त्याने हरवलेल्या मुलीचं वर्णन केलं ते गावाच्या दवंडीसारखं: अशी दिसते, अशी हसते, हरवली आहे, कुणी पाहिलीत का. मला त्यात मुलीइतकाच तो गाव दिसतो. हे माझं वाचन आहे. ते मास्तरांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, होही म्हटलं नाही.

परतताना टॅक्सीत नवी गाणी लागली होती. दणदणीत ढोल, भारी गाड्या, आणि नाही म्हणालेल्या मुलीला दिलेल्या धमक्या. तिला पश्चात्ताप होईल, ती रडत येईल. चाल चांगली होती, तरुण ड्रायव्हर मनापासून ऐकत होता. मी त्याला शिक्र्याचं गाणं लावशील का म्हणून विचारलं. त्याला अख्खं पाठ होतं. मोबाइल बंद करून तो स्वतःच गाऊ लागला, तेव्हा माझी त्याच्याबद्दलची समजूत मी परत घेतली. त्या ढोलाच्या गाण्यांबद्दलची नाही.

दिवस सातवा : जालंधर

जालंधरच्या देवी तालाबला दर डिसेंबरात हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं. १८७५मध्ये स्वामी हरिवल्लभांनी आपल्या गुरूच्या पुण्यतिथीला गाणं केलं, त्यातून ते सुरू झालं. शिष्याला गुरूची आठवण सोसवेना म्हणून. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णू दिगंबर पलुसकर इथे येत असत. फेब्रुवारीत तिथे शांतता होती. आम्ही तळ्याकाठी बसून संत्री खाल्ली.

तिथून तल्हणला गेलो. आम्ही गेलो तेव्हा या गावच्या गुरुद्वाऱ्यात लोक खेळण्यातली विमानं वाहत. व्हिसा मिळावा म्हणून नवस. दुकानांतून प्लॅस्टिकची विमानं टांगलेली, शेपटीवर वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांची चित्रं. जालंधरभोवतीच्या या दोआबा भागातल्या गावांतून घरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्याही विमानाच्या आकाराच्या. शहरात भिंत नाही जिच्यावर आयलेट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या, क्लासची जाहिरात नाही.

पायरीवर एक बाई भेटली, माझ्याच वयाची, मोतिया रंगाची चुन्नी. तिचा एकुलता एक मुलगा कॅनडात, ब्रॅम्प्टनला, चार वर्षं झाली. ती आज कशासाठी आली होती? "ऐवें ही." उगाच. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जहाज़ मैं आपे चढ़ाया सी." विमान मीच वाहिलं होतं. स्वतःच्या हाताने. आता दुपारी घर खायला उठतं, पण बोलू कुणाला? ती हसली, आणि चुन्नीच्या टोकाने तिने विमानं मांडलेल्या जागेवरची धूळ पुसली. एवढीशी जागा, पुन्हा पुन्हा तीच.

मला काळजाचं मांस भरवणारी ती बाई आठवली. ती गाण्यात होती. ही माझ्या शेजारी बसली होती.

पंजाबच्या बायका हे फार दिवस गात आल्या आहेत. पहिल्या महायुद्धात पंजाबातून फौजा मेसोपोटेमियात गेल्या, तेव्हाच्या लोकगीतांत एक बाई म्हणते की बसऱ्याची लाम मोडो, म्हणजे मी विधवेची पुन्हा सवाष्ण होईन. लाम म्हणजे लढाईची आघाडी. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत पलटणीत गेलेला भाऊ येतो, तशीच ही लाम. बसरा गेला, ब्रॅम्प्टन आलं. बोलीतली, म्हणजे त्या लोकगीतातली, एक ओळ बदलून चालतं.

दिवस आठवा : लुधियाना

लुधियानाला मी एका वाद्यासाठी उतरले: तुंबी. लोकगायक लालचंद यमला जट्ट यांनी ते घराघरांत नेलं. फाळणीनंतर ते लायलपूरच्या मुलखातून इथे येऊन राहिले आणि १९९१मध्ये इथेच वारले. कॅसेटच्या काळात बस स्टँडभोवती गायकांची ऑफिसं असत, दारावर नावाच्या पाट्या. लग्नाची सुपारी तिथेच द्यायची.

वाद्यांच्या एका जुन्या दुकानात मालकाने तुंबी हातात दिली. वजन जवळजवळ नाहीच. मुठीएवढं तुंबं, त्यावर चामडं ताणलेलं, त्यातून आरपार गेलेली हातभर काठी, टोकाला एक खुंटी आणि एकच तार. तर्जनी पुढे-मागे झटकायची, डाव्या हाताच्या बोटांनी काठीवर सूर दाबायचे. मी वाजवली तर नुसता टणत्कार. त्यांनी घेतली तर तीच तार बोलायला लागली. चार-पाच सुरांपलीकडे ती जात नाही, सूर लांबवता येत नाही; लगेच विझतो म्हणून लगेच दुसरा झटका.

मी हीर ऐकवाल का विचारलं. ते म्हणाले, हीर तुंबीवर नाही, हीर गळ्याने. वारिस शाहने १७६६मध्ये लिहून पूर्ण केलेली हीर आजही भैरवीत गातात, तालाशिवाय, ओळीचा शेवट लांब खेचून. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते. इथे हीर सुरूच भैरवीत होते. त्यांनी जोगी होऊन आलेल्या रांझ्याचं एक कडवं म्हटलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, दाराशीच थांबलं. कडवं संपल्यावर त्याने हार्मोनियमचा भाता दुरुस्त होईल का ते विचारलं.

तुंबी मी विकत घेतली. आत्याने ती आपल्या शालीत गुंडाळली, रुमालातल्या मातीशेजारी ठेवली.

दिवस नववा : परत

सकाळी लुधियानाहूनच सचखंड पकडली. आत्याने पिशवीतून हरिपाठाची वही काढली आणि मागची कोरी पानं माझ्यापुढे धरली. "ते गाईचं लिहून दे. आपल्या अक्षरांत."

गाडी हलत होती, अक्षर नीट येईना. 'मोहि लागती तालाबेली' लिहून झालं तशी तिने वही ओढून घेतली, बोट ठेवून वाचलं, आणि परत दिली. "पुढं?"

'बछरे बिनु गाइ अकेली' लिहिलं. ती पुन्हा वाचत बसली. तिसऱ्या ओळीतल्या माशाला मी आले तोवर अंबाला मागे पडलं होतं.